कोठा नाही, घर लिहा

सरपंचानं स्वतःच्या हातानं म्हैस आणली आणि माझ्या ओसरीच्या खांबाला बांधली.

मग मागं वळून ग्रामपंचायतीच्या सेक्रेटरीला म्हणाला, "घे, पाह्य. जनावर बांधलं हाये. आता लिव्ह, कोठा."

कोठा म्हणजे गुरांचा गोठा. सगळे हसले. सेक्रेटरी हसला. टेप धरणारा कोतवाल हसला. सोबत आलेले दोघं मेंबर हसले, मागं मागं फिरणारी गावातली रिकामी पोरंही हसली. म्हैस सरपंचाचीच. त्याचा गुराखी बोडीच्या तळ्यावरून जनावरं पाणी पाजून नेत होता, त्याच्या हातातून दावं घेतलं आणि आणली.

मी दारात उभी होते. त्या दिवशी घरं मोजायला पंचायतीचे लोक येणार, घरपट्टी बसवणार, अशी दवंडी आदल्या दिवशी गावात फिरली होती. आमच्या वस्तीत ती आली नव्हती. पण नाल्याच्या अल्याड काय ओरडतात ते पल्याड ऐकू येतं. मी सकाळी उठून ओसरी सारवली. पांढऱ्या मातीनं भिंतीच्या बुडाला पट्टा ओढला. धुतलेलं लुगडं नेसले. साहेब लोक येतील, घर पाहतील, लिहितील. पाहुणे यायचे असावेत तशी मी वाट पाहत होते.

म्हशीनं ओल्या सारवणावर पाय रोवले. शेपटी उचलली. शेण टाकलं.

"वा!" एक मेंबर म्हणाला. "सही शिक्का बी झाला."

ते गेले. पुढच्या घरी थांबलेच नाहीत. सेक्रेटरीनं चालता चालता कागदावर एक रेघ ओढली आणि आमची सगळी वस्ती त्या रेघेत बसवली. गुराखी परत आला, माझ्याकडं न पाहता म्हैस सोडून घेऊन गेला.

आणि मी काय केलं? मी शेण उचललं. दोन्ही हातांनी. उचलून उकिरड्यावर टाकलं, हात धुतले, पुन्हा सारवायला बसले. माझी सासू आतून पाहत होती. ती म्हणाली, "रडून नोको राहू." मी रडत नव्हते. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हशीच्या पायांचे ठसे बुजवत होते.

आमचं गाव सावली तालुक्याच्या बाजूचं. धानाचं गाव. पावसाळ्यात बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, पाणी, हिवाळ्यात कापलेल्या धानाची खुंटं. आमची बौद्धांची वस्ती आधी नदीकडच्या उतारावर होती. वैनगंगेला मोठा पूर आला तेव्हा ती सगळी गेली. भिंती विरघळल्या. छपरांचे कवेलू वाहून गेले. लोकांनी नाल्याच्या पलीकडं उंचावर पडीत जागा होती तिथं बांबूच्या ताट्या ठोकल्या. तहसीलदार येऊन पाहून गेला. "तात्पुरते राहा, पुढं बघू," म्हणाला. पुढं कुणी बघितलं नाही. तात्पुरतं राहता राहता पोरं जन्मली, मोठी झाली, त्यांची लग्नं झाली.

माझं लग्न झालं तेव्हा घर म्हणजे बांबूचा कुड होता आणि वर धानाच्या तणसाचं छप्पर. नवरा जंगलातल्या कटाईवर जायचा. एका उन्हाळ्यात झाड पडलं ते त्याच्या अंगावर. ठेकेदारानं प्रेत बैलगाडीतून आणून सोडलं आणि गाडी वळवून निघून गेला. मूलबाळ नव्हतं. माहेरी परत ये, असं भाऊ म्हणाला. मी गेले नाही. सासू एकटी होती आणि मला तिच्याजवळच बरं वाटायचं. ती कमी बोलायची. जे बोलायची ते खरं बोलायची.

त्या कुडाच्या जागी मी विटांचं घर बांधलं. हो, मीच. नाल्याकाठची माती आणली, तुडवली, साच्यातून विटा पाडल्या, धानाच्या कोंड्यात भट्टी लावून भाजल्या. रोजगार हमीचं काम असलं की कामावर, नसलं की विटांवर. दोन उन्हाळे गेले. भिंती चढवायला मिस्त्री लावला, पण त्याच्या हाताखाली मातीचा गारा मीच कालवला. लाकडाच्या दोन खिडक्या केल्या. वस्तीत खिडकी असलेलं ते पहिलं घर. बाया येऊन खिडकीतून आत-बाहेर पाहायच्या आणि हसायच्या.

तर ते घर कोठा.

तुम्ही म्हणाल, लिहू द्या ना कोठा. कर वाचला. लोक घरपट्टी चुकवायला काय काय करतात, ही बाई कशाला रडते? आमच्या वस्तीतल्या शिवरामभाऊंनीही हेच म्हटलं. ते वस्तीतले जाणते. माझ्या नवऱ्याचे चुलतभाऊ. सरपंचाच्या बांध्या ठेक्यानं करायचे. "कर नाई लागला तं चांगलंच झालं ना वो," ते म्हणाले. "काऊन उगाच तोंडाले लागतं त्याच्या?"

पण मी चौथी शिकलेली आहे. बापानं मारून शाळेत घातलं होतं. धर्म बदलला त्यानंतर त्याच्या डोक्यात एकच होतं, पोरीला अक्षर यावं. मला कळत होतं. मागच्या साली दिव्याचे खांब आले, ते नाल्याच्या अल्याड संपले. आम्ही विचारलं, तर सेक्रेटरी म्हणाला, "तिकडं घरांची नोंद नाई." बोअरिंगची गाडी आली, हातपंप बसवला तो हनुमानाच्या पाराजवळ. विचारलं, तर तेच. नोंद नाही. दाई नाही, फवारणीवाले नाहीत, काहीच नाही. नोंद नाही. आणि नोंद कशानं होते? घरपट्टीनं. ज्याची घरपट्टी नाही त्याचं घर नाही, ज्यांची घरं नाहीत त्यांची वस्ती नाही, आणि वस्तीच नाही तर तिला पाणी, दिवा, रस्ता कशाला?

त्यात आणखी एक होतं. सरपंचाची धानाची गिरणी वस्तीला लागून होती. त्याला धान वाळवायला मोठं अंगण हवं होतं. कोठे उठवायला कितीसा वेळ लागतो?

म्हणून मला कर पाहिजे होता. आम्ही सगळ्यांनी मागायला पाहिजे होता. गावातला माणूस कर टाळू शकतो, कारण तो गावात आहे हे कुणी नाकारत नाही.

झेंडा फडकवायच्या दिवशी शाळेत ग्रामसभा भरायची. पुरुष आत सतरंजीवर, आम्ही बाया बाहेर व्हरांड्यात. त्यातही आमच्या बाया व्हरांड्याच्या खाली, उन्हात. दरवर्षी तसंच. त्या वर्षी मी व्हरांडा चढले आणि दारात उभी राहिले. सरपंच वाचत होता. रस्ता मंजूर झाला आहे, बसच्या सडकेपासून गावात येणारा खडीचा पक्का रस्ता, चौकातून पुढं जाणारा. टाळ्या वाजल्या.

मी म्हटलं, "सरपंच भाऊ, आमच्याकडची घरं मोजाची राह्यली. आमाले घरपट्टी लावा."

आधी कुणाला कळलंच नाही कोण बोललं. मग सगळ्या माना वळल्या.

सरपंच चिडला नाही. तो चिडायचा नाही कधी. तो मजा घ्यायचा. "कर भराची लय हौस आली का तुले?" तो म्हणाला. "पैसा लय झाला असन तं कोंडवाड्यात जमा कर. जनावराची फी तिथी घेतेत."

पुन्हा हसू. अख्खी शाळा हसली. गुरुजी हसले. मला माहेरी ज्यांनी चौथीपर्यंत शिकवलं तसे जुने गुरुजी नव्हते ते, नव्या काळातले होते, तरी हसले. आमच्यातली दोन-तीन माणसं शेवटी बसली होती. त्यातले शिवरामभाऊ खाली मान घालून सतरंजीचा दोरा ओढत होते.

मी खाली उतरले. घरी येईपर्यंत तो हशा माझ्या पाठीवर होता. सासूला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकलं, सूप खाली ठेवलं, म्हणाली, "एकटी गेली म्हून हासले."

बस, एवढंच. पुन्हा सूप उचललं. ते वाक्य मी विसरले नाही.

दिवाळी झाली, धान निघालं आणि रस्त्याचं काम चालू झालं. रोजगार हमीवर. गिट्टी फोडायला कोण? आम्हीच. आमच्या वस्तीतल्या बाया, गावाच्या टोकाला राहणाऱ्या गोंडांच्या बाया, आणि गावातल्या शेत नसलेल्या कुणब्यांच्या दोघी-तिघी. दिवसभर हातोडा. पदराची घडी करून डोक्यावर, डोळ्यांत दगडाचा चुरा. माझ्या शेजारी जनाबाई बसायची. गोंडाची. माझ्यापेक्षा मोठी, दांडगी, तोंडानं तिखट. तिचा हातोडा थांबायचा नाही आणि तोंडही.

चौकापर्यंत रस्ता आला. मुरूम पडला, खडी पडली, रूळ फिरला. आम्हाला वाटत होतं, पुढं सरळ. नाला, मग आमची वस्ती. कागदावर तसंच होतं, असं मुकादमच सुरुवातीला बोलून गेला होता. एका सकाळी आम्ही कामावर गेलो तर जमिनीवर चुन्याची रेघ मारलेली. रेघ नाल्यापर्यंत जात होती आणि तिथून डावीकडं वळून थेट गिरणीच्या फाटकात.

मी मुकादमाला विचारलं, "भाऊ, रस्ता तिकडं काऊन चालला?"

"पंचायतीचा ठराव हाये."

"आन आमची वस्ती?"

तो मुकादम वाईट माणूस नव्हता. पण त्यानं जे म्हटलं ते सहज म्हटलं, आणि सहज म्हटलं म्हणूनच लागलं. "बाई, तिथी वस्ती कुठी हाये? कागदावर सारे कोठे हायेत. कोठ्याले सडक लागते का?"

माझ्या हातात हातोडा होता. समोर मीच फोडलेल्या गिट्टीचा ढीग. त्या गिट्टीवरून त्याच्या धानाच्या गाड्या जाणार. आणि मी चिखलातून जाणार, पावसाळ्यात लुगडं मांडीपर्यंत वर धरून, आणि गिरणीतले हमाल पाहणार. माझ्या घामाचा रस्ता माझ्या दारावरून वळवून नेला, आणि तो बांधायचाही मीच.

मी हातोडा खाली ठेवला. उठले. चुन्याच्या रेघेवर, जिथं ती वळत होती तिथं, जाऊन बसले.

"का झालं वो?" जनाबाई ओरडली.

"मी नाई फोडत," मी म्हटलं. "आमाले घर लिव्हा, मंग रस्ता."

मुकादम म्हणाला, "खाडा लागंल."

"लाव."

मला वाटलं, बसेन एकटी. पण सासूचं वाक्य डोक्यात होतं. मी बायांकडं पाहिलं. आमच्या वस्तीतल्या बाया एकमेकींकडं पाहत होत्या. संध्याकाळी चूल पेटवायची होती सगळ्यांना. पहिली उठली ती जनाबाई. तिचं घर तर वस्तीत नव्हतंही. ती धपकन माझ्या शेजारी बसली आणि मुकादमाला म्हणाली, "माया बी खाडा लाव. आज हिचं घर कोठा झालं, उद्या मायं होईन. आमी बी कुठी लिव्हले हावो?"

मग आमच्या बाया आल्या. एकेक करून. कुणब्यांच्या बाया हातोडा धरून तशाच बसून राहिल्या, पण त्यांनी दगडावर हातोडा मारला नाही. तेवढंही पुष्कळ होतं.

दुपारी सरपंच फटफटीवर आला. फटफटी चालूच ठेवली. "उठा," म्हणाला. कुणी उठलं नाही. "नावं कापीन. या गावात पुन्हा काम भेटणार नाई." कुणी उठलं नाही. मग त्यानं शिवरामभाऊंना बोलावणं पाठवलं. शिवरामभाऊ आले, धापा टाकत, आमच्यासमोर हात जोडून उभे राहिले. "उठा वो बायाहो. माया बांध्या जातीन."

ते पाहवत नव्हतं. एवढा मोठा माणूस, पांढरे केस. मी डोळे दुसरीकडं फिरवले आणि बसून राहिले. वस्तीतल्या एक-दोघी उठून गेल्या. बाकीच्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सरपंचानं शेजारच्या गावातून बाया आणल्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून. त्या उतरल्या, घमेली घेऊन उभ्या राहिल्या, आणि रेघेवर बसलेल्या आम्हाला पाहून थबकल्या. त्या आमच्यासारख्याच. जनाबाईनं त्यांच्यातल्या एकीला ओळखलं, तिच्या माहेरची. त्यांचं आपसात गोंडीत बोलणं झालं. काय झालं ते मला सगळं समजलं नाही, पण त्या बाईनं घमेलं पालथं घातलं आणि त्यावर बसली. बाकीच्याही बसल्या. झाडाखाली बसून त्यांनी भाकरी खाल्ल्या आणि संध्याकाळी ट्रॉलीतून परत गेल्या.

त्या आठवड्यात आमच्या चुली अर्ध्याच पेटल्या. मोहाची फुलं वाळवून ठेवलेली होती, ती शिजवली. आंबील पिऊन दिवस काढले. एक पोरगं तापानं फणफणलं, तरी त्याची आई मांडीवर त्याला घेऊन रेघेवर येऊन बसली. वस्तीतले पुरुष आधी शिव्या देत होते. मग गप्प झाले. मग एक दिवस त्यांच्यातले काही आमच्या मागं येऊन उभे राहिले. बसले नाहीत. उभे राहिले.

आणि सावलीहून जीप आली.

पंचायत समितीचे साहेब. तरुण होते, पुण्याकडचे असावेत, बोलणं तसं होतं. रस्ता अडला म्हणून आले होते. पावसाआधी काम संपवायचं त्यांच्यावर वरून दडपण होतं. आम्ही कोण, कशासाठी बसलो, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. तरी जीपमधून उतरले आणि म्हणाले, "काय प्रकार आहे? पुढारी कोण तुमचा?"

सरपंच पुढं झाला. "काही नाही साहेब. अतिक्रमणवाले आहेत. भडकवलंय कुणीतरी."

मी उठून उभी राहिले.

"साहेब, आमी तिकडं राहतो. नाल्याच्या पल्याड. पंचायत म्हणते का तिथी घरं नाई, कोठे हायेत. तुमी चाला. पाहा. कोठे असन तं आमी आत्ता उठतो."

"साहेब, वेळ कशाला..." सरपंच म्हणाला.

मी त्याच्याकडं वळले. पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत पाहून बोलले. "सरपंच भाऊ, मतं मागाले आले होते तुमी आमच्याकडं. हात जोडले होते. माया सासूच्या पाया पडले होते. तवा कोठ्यात आले होते का? म्हशीची मतं घेऊन निवडून आले का तुमी?"

कुणी हसलं नाही.

सरपंचाचा चेहरा लाल झाला. त्याला चिडलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्याच्या तोंडातून माझ्या जातीचं जुनं नाव निघालं, आणि त्यापुढं बाईला देतात ती शिवी. साहेबांसमोर. साहेबांनी ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं. रुमाल काढून कपाळ पुसलं.

पण ते चालले. नाल्यात दगडांवरून उड्या मारत, पँट वर धरून. माझ्या ओसरीवर आले. भिंतीला हात लावला. खिडकीतून डोकावले. आत सासू बाजेवर बसली होती. ती उठली नाही. त्यांना पाहून म्हणाली, "पाहा. कुठी बांधलं जनावर?"

मी पाण्याचा गडवा पुढं केला. साहेब म्हणाले, "नको, नको, आत्ताच घेतलं." उन्हातून आलेला माणूस. ओठ सुकलेले. गडवा मी खाली ठेवला. तेही मनात ठेवलं.

"हे तर घर आहे," साहेब सेक्रेटरीला म्हणाले. "हे कोठा कसं लिहिलं तुम्ही? ही सगळी घरं आहेत. नोंद करून घ्या. आकारणी करा. आणि रस्ता सरळ जाऊ द्या, मूळ मंजुरी तशीच आहे."

बाया ओरडल्या. जनाबाईनं मला एवढं जोरात धरलं की बांगडी फुटली. मला वाटलं, जिंकलो.

सेक्रेटरी तिथंच ओसरीवर बसला. लिहायला लागला. "घरमालकाचं नाव?"

मी माझं नाव सांगितलं.

त्यानं पेन थांबवलं. सरपंचाकडं पाहिलं. सरपंच आता शांत झाला होता. त्याला पुन्हा मजा सापडली होती. "बाईच्या नावावर घर कसं लिव्हता जी?" तो साहेबांना म्हणाला. "नवरा मेला हिचा. आमच्याकडं पद्धत नाही. दीर-भासरा हाये ना घरचा. शिवरामच्या नावानं लिहा. घरचीच गोष्ट हाये."

शिवरामभाऊ मागं उभे होते. ते पुढं आले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

"विटा म्या पाडल्या," मी म्हटलं. "मायं नाव लिव्हा."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "हे बघा बाई, नोंद होते आहे ना? रस्ता येतो आहे ना? नाव कुणाचं का असेना, घर तुमचंच आहे. आता हट्ट करू नका."

"साहेब, तुमच्या घराले कोनाचं नाव हाये?"

ते सेक्रेटरीला म्हणाले, "हे एक राहू द्या तूर्त. वादग्रस्त लिहा. बाकीची उरका."

आणि बाकीची उरकली. प्रत्येक घर लिहिलं. प्रत्येक घराला पुरुषाचं नाव. ज्या बाया माझ्याबरोबर रेघेवर उपाशी बसल्या होत्या, त्या आपापल्या दारात उभ्या राहून नवऱ्याचं, सासऱ्याचं, मिसरूडही न फुटलेल्या पोराचं नाव सांगत होत्या, आणि आनंदानं सांगत होत्या. मी त्यांना दोष देत नाही. घर लिहिलं जाणं हेच त्यांच्यासाठी पुष्कळ होतं. जनाबाई मात्र माझ्या ओसरीवर बसून राहिली. फुटक्या बांगडीचे तुकडे वेचत होती.

रस्ता आला. खरंच आला. आमच्याच हातांनी. नाल्यावर नळ्या टाकल्या, त्यावरून खडी आली, वस्तीच्या मधोमध गेली. दिव्याचे खांब आले. माझं घर टोकाला. शेवटचा खांब माझ्या अलीकडच्या शेजाऱ्याच्या घरासमोर रोवला. रस्ताही तिथंच थांबला. मी मुकादमाला काही विचारलं नाही. काय उत्तर येणार ते मला ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी शिवरामभाऊ आले. ओसरीच्या कडेला टेकले.

"माया नावावर राहू दे ना वो," म्हणाले. "मी का घर घेऊन पळतो? दिवा येईन, रस्ता दारापर्यंत येईन. गावात एका बी बाईच्या नावानं घर नाई. कुणब्याच्या बी नाई, पाटलाच्या बी नाई."

"मंग मायं पयलं लिव्हतीन," मी म्हटलं.

"सरपंच हासते तुले. आपले बी हासून राह्यले आता. म्हंतेत, लय शाहणी झाली."

"हासू द्या."

ते उठले. जाताना सासूकडं वळून म्हणाले, "तुमी तरी सांगा हिले."

सासू म्हणाली, "म्या का सांगू? माया नावानं जलमभर काईच नव्हतं. हिच्या नावानं होऊ दे."

ते गेले. त्यानंतर त्यांनी आमच्या घरी येणं सोडलं. सरपंचानं त्यांच्या बांध्या काढल्या नाहीत. मला मात्र रोजगार हमीवर घेत नाहीत. मुकादम म्हणतो, नाव वरून आलं नाही. मी आता दुसऱ्या गावांत कामाला जाते, पायी. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडते. सावलीला वरच्या हपिसात अर्ज दिला, माझ्या हातानं लिहून. तिथला बाबू म्हणाला, पंचायतीकडून आलं पाहिजे. पंचायत म्हणते, वरून आलं पाहिजे. मी दोन्हीकडं जाते. मला पाहिलं की सेक्रेटरी चहाला निघून जातो. मी त्याच्या दारात बसते. तो परत येईपर्यंत बसते. शिपाई म्हणतो, बाई, बाहेर बस. मी बाहेर बसत नाही.

मागच्या महिन्यात सरपंचानं निरोप पाठवला. बालवाडीत मदतनीस म्हणून लावतो, घराचं सोड. निरोप आणणाऱ्याला मी उन्हातच उभा ठेवला आणि सांगितलं, नोकरी मागितली नव्हती.

आता पंचायतीची निवडणूक आहे. बायांच्या राखीव जागेवर हे लोक दरवेळी आपल्या घरची बाई बसवतात, आणि ती बाई कधी हपिसात येत नाही. यंदा त्या जागेवर मी उभी राहते आहे. पडेन, हे मला माहीत आहे. गावातली मतं मला मिळणार नाहीत. आमच्यातलीही सगळी मिळणार नाहीत. पडले तर पुढच्या वेळी उभी राहीन, आणि मधल्या सगळ्या दिवसांत त्या सेक्रेटरीच्या दारात बसेन. त्यांनी घर पाडलं तर मी पुन्हा विटा पाडीन, तिथंच. माझ्या घराला माझं नाव लागेल. मला समजावायला आता कुणी येऊ नये.